पाच हातांवरून फुलपाखरू

पुसेगाव म्हटलं की पुष्कळांना साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातलं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. मी सांगतोय ते दुसरं. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आमचं एक पुसेगाव आहे, आणि आजची गोष्ट तिथल्या एका धुऱ्यावरून सुरू होते.

दसरा-दिवाळीच्या मधले दिवस होते. सोयाबीन काढून झालं होतं, शेताशेतात सुड्या लागल्या होत्या. एका धुऱ्याच्या कडेला घोळ माजला होता. घोळ म्हणजे आपण भाजी करून खातो तीच, लाल देठाची, जमिनीलगत पसरणारी. त्या घोळापासून पाच हात अंतरावर मी पालथा पडलो होतो. हातात कॅमेरा, समोर ढेकळावर बसलेलं एक काळंभोर फुलपाखरू. त्याच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या, आणि ऊन तिरपं पडलं की त्या ठिपक्यांभोवती जांभळी झाक. वाटेने जाणारे एक काका थांबले.

"काय हरपलं का मास्तर?"

"नाही काका, फुलपाखराचा फोटो काढतोय."

"मंग जवळ जाऊन काढा की. इतक्या लांबून काय दिसतंय?"

प्रश्न रास्त होता. मी उत्तर देण्याच्या आत काका उत्सुकतेने एक पाऊल पुढे आले आणि फुलपाखरू उडालं. काका हसले, मीही हसलो. उत्तर ज्याचं त्याने दिलं होतं.

हे बुजरे जीव पाहायचे कसे, ओळखायचे कसे आणि त्यांची नोंद ठेवायची कशी, या प्रश्नाशी माणूस सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झगडत आला आहे. त्या झगड्याचा बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रातही घडला. पण त्यातला फार थोडा आमच्या मराठवाड्याच्या वाट्याला आला, ही माझी तक्रार आधीच सांगून टाकतो.

सुरुवात जाळ्यापासून करावी लागते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे भायखळ्याच्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांनी रखमाबाईंना वडिलांच्या मायेने वाढवलं ते. उरलेल्या सहा साहेबांपैकी कर्नल स्विन्हो हा फुलपाखरं आणि पतंग गोळा करणारा नावाजलेला संग्राहक. आणि आणखी एक होता, त्याच्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. 'ईएचए' या आद्याक्षरांनी तो लिहायचा आणि त्याच नावाने ओळखला जायचा. जन्म १८५१ चा, आणि तोही साताऱ्याचा. वडील स्कॉटिश मिशनरी. मुलगा शिकला इथेच, मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिन शिकवलं आणि १८७६ मध्ये कस्टम्स आणि मीठ खात्यात नोकरीला लागला. मीठ खात्याची नोकरी म्हणजे खाजणं, खाड्या, ओसाड नाकी. दुसरा कुणी वैतागला असता. याने बंगल्याच्या पडवीतल्या मुंग्या, पाली, बेडूक, गांधीलमाश्या यांच्याकडे बघून अशी काही पुस्तकं लिहिली की ती आजही वाचताना हसू येतं. 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे त्यातलं गाजलेलं, १८८३ चं, म्हणजे सोसायटीच्याच वयाचं. पुढे कारवारकडे बदली झाल्यावर त्याला दोन जोडीदार मिळाले. एक सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन, दुसरा जंगल खात्यातला थॉमस बेल. तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर जे लिहिलं ते १८९६-९७ च्या सुमारास सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं.

या तिघांची खासियत अशी की त्यांनी नुसती जाळ्याने फुलपाखरं धरली नाहीत. अळ्या शोधल्या, कोणती अळी कोणत्या झाडाचा पाला खाते ते पाहिलं, त्या घरी पाळल्या, कोषातून फुलपाखरू बाहेर येईपर्यंत वाट पाहिली. त्या काळच्या मानाने ही फार वेगळी पद्धत. बाकी सर्वसाधारण शिरस्ता असा : रेशमी किंवा मलमलीचं जाळं, ते फिरवण्याची एक हातोटी, मग तोंडाला घट्ट बूच असलेली बाटली. बाटलीच्या तळाशी सायनाइड आणि त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा थर. त्यात टाकलेलं फुलपाखरू काही क्षणांत निपचित पडायचं. मग कागदाची त्रिकोणी पुडी, मग टाचणी, मग डांबराच्या गोळ्या घातलेला पेटारा.

आजच्या नजरेने हे क्रूर वाटतं, आणि आहेच. पण मी त्या माणसांना नावं ठेवणार नाही. आज मी घोळावरच्या त्या काळ्या फुलपाखराला नाव देऊ शकतो, ते अशाच टाचण्या मारलेल्या पेटाऱ्यांच्या जोरावर. माझी तक्रार वेगळी आहे. नोंदी कुठल्या झाल्या? जिथे साहेबाचा बंगला होता तिथल्या. महाबळेश्वर, पुणे, कारवार, निलगिरी. घाटात पाऊस, झाडी, चंगळ. साहजिकच जाळीही तिकडेच वळली. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, पण हा मुलूख निजामाचा, पठारी, उन्हाळ्यात भाजून निघणारा. त्यातल्या त्यात बेलने १९०९ पासून १९२७ पर्यंत सोसायटीच्या जर्नलमध्ये 'मैदानी भागातली नेहमीची फुलपाखरं' या विषयावर लांबलचक लेखमाला लिहिली. आमच्याकडच्या रुईवर, बाभळीवर, लिंबावर काय दिसतं याचा पुष्कळसा आधार आम्हाला त्या मालेतून मिळतो. बेल कारवारला बसून लिहीत होता, आणि आम्ही त्यावर पुसेगाव ओळखतो. चालायचंच.

जाळ्यानंतर आली बंदूक. म्हणजे बंदुकीसारखा कॅमेरा.

एतिएन-ज्यूल मारे नावाचा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ होता. हालचाल या गोष्टीने त्याला झपाटलं होतं. माणूस चालतो कसा, घोडा धावतो कसा, माशी उडते कशी. १८६९ च्या आसपास त्याने गांधीलमाशीच्या पंखाच्या टोकाला सोन्याच्या वर्खाचा कण चिकटवला, ती उन्हात धरली आणि पंख हलताना हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी चकाकती रेघ उमटते हे दाखवून दिलं. पुढे १८८२ साली त्याने एक बंदूकच बनवली. दस्ता, नळी, चाप सगळं बंदुकीचं. गोळीच्या जागी फिरती काच. चाप ओढला की सेकंदाला १२ चित्रं, आणि प्रत्येक चित्राला प्रकाश मिळणार एका सेकंदाच्या ७२० व्या भागाइतका. इटलीत नेपल्सजवळ तो ही बंदूक घेऊन पक्ष्यांवर नेम धरून उभा राहायचा. चाप ओढायचा, आवाज नाही, पक्षी पडत नाही, आणि हा गृहस्थ खुशीत घरी जातो. आसपासच्या लोकांनी त्याचं नाव वेडा असं ठेवलं होतं म्हणतात. 'काय हरपलं का मास्तर' हा प्रश्न त्याला इटालियनमध्ये नक्कीच विचारला गेला असणार.

पक्षी त्या बंदुकीत सापडले, किडे मात्र सहजी सापडेनात. माशीचे पंख सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा हलतात. ते थोपवून दाखवलं मारेच्याच संस्थेतल्या ल्युसियन बुल याने, १९०४ मध्ये. त्याची युक्ती मला फार आवडते. कॅमेऱ्याचा पडदा उघडझाप करण्याऐवजी त्याने अंधारात विजेच्या ठिणग्या पाडल्या, एकामागून एक, सेकंदाला हजाराहून अधिक वेगाने. दरेक ठिणगीला फिरत्या फिल्मवर एक चित्र. पण सुरू कधी करायचं? माणसाचं बोट दाबेपर्यंत माशी पसार. म्हणून त्याने माशीलाच काम दिलं. तिला अगदी हलक्या चिमट्यात धरायचं. ती सुटून उडाली की विजेची जोडणी बदलायची आणि ठिणग्या सुरू व्हायच्या. स्वतःचा फोटो स्वतःच काढणारी ती बहुधा जगातली पहिली माशी.

इथे जाता जाता आपल्या माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. बुलने माशीला थांबवलं त्यानंतर आठच वर्षांनी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून आणलेल्या कॅमेऱ्याने पहिल्यांदा काय टिपलं? कुंडीतल्या वाटाण्याची वाढ. रोज थोडं थोडं चित्रण, दिवसामागून दिवस. मग ते सलग दाखवलं की दाण्यातून अंकुर फुटून वेल डोळ्यांदेखत वर चढतो. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. एकाने फार जलद घडणारं संथ केलं, दुसऱ्याने फार संथ घडणारं जलद. दोघांनाही लागली ती चिकाटी सारखीच. आपल्याकडे फाळक्यांचं नाव घेताना वाटाणा विसरला जातो, म्हणून ही आठवण.

पण मारे काय, बुल काय, त्यांचे किडे प्रयोगशाळेत होते. शेतातला, मोकळा, आपल्या मर्जीने बसणारा आणि आपल्या मर्जीने उडणारा किडा टिपायचा तर दोनच वाटा. एक तर त्याला न कळता अगदी जवळ जायचं, नाहीतर लांबूनच जवळचं दिसेल असं भिंग हवं. लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो भिंगं १८९१ मध्ये आली. इंग्लंडमध्ये डॉलमायर आणि जर्मनीत आणखी दोघे, तिघेही आपापल्या जागी एकाच वेळी त्या कल्पनेपर्यंत पोहोचले होते. पक्षी, प्राणी टिपणाऱ्यांचं काम झालं. किड्यांचं नाही झालं.

कारण साधं आहे, पण ते समजायला मला स्वतःला फार वर्षं लागली. लांबचं ओढणाऱ्या भिंगाला जवळचं स्पष्ट दिसत नाही. म्हाताऱ्या माणसासारखं असतं ते : लांबची एसटी कुठली ते वाचता येतं, हातातलं तिकीट वाचता येत नाही. जुन्या टेलिफोटो भिंगांना समोरची वस्तू कित्येक फूट लांब लागायची, आणि तेवढ्या अंतरावरून इंचभराचा किडा म्हणजे चित्रात मोहरीचा दाणा. मग माणसं कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये नळ्या बसवू लागली. नळ्या बसवल्या की उजेड कमी. उजेड कमी की पडदा जास्त वेळ उघडा. तेवढ्यात वारा सुटतो, फूल हलतं, किडा जातो. काही मंडळी मग किड्याला बर्फावर ठेवून थंड करत, तो गारठला की फांदीवर बसवत आणि फोटो काढून 'निसर्गातलं चित्र' म्हणून खपवत. अजूनही कुणी कुणी फ्रिज वापरतात असं ऐकतो. त्यापेक्षा एटकेनचं जाळं प्रामाणिक.

आता ती म्हाताऱ्याची उपमा पुढे नेतो, कारण उपाय त्यातच आहे. चाळिशी लागली की आपण काय करतो? वाचायचा चष्मा लावतो. भिंगालाही तोच लावायचा. लांबच्या भिंगापुढे अधिक दोन नंबरचं भिंग धरलं की कॅमेरा लांबवर रोखलेला असतानाही त्याला बरोबर ५० सेंटीमीटरवरचं स्पष्ट दिसायला लागतं. अधिक एक नंबरचं धरलं तर एक मीटरवरचं. हिशेब सोपा : १०० सेंटीमीटरला चष्म्याच्या नंबराने भागायचं. आणि गंमत अशी की त्यानंतर तुम्ही झूम कितीही पुढेमागे करा, हे अंतर तेच राहतं, चित्र तेवढं मोठं होत जातं. मी पहिला प्रयोग केला तो घरातल्या एका जुन्या चष्म्याची काच पुठ्ठ्याच्या नळीत बसवून. मधोमध चित्र चांगलं आलं, कडेला इंद्रधनुष्य उमटलं. एकेरी काच सगळे रंग एका जागी आणत नाही. त्यासाठी दोन वेगळ्या जातींच्या काचा चिकटवलेलं भिंग लागतं, आणि ते चष्म्याच्या दुकानात मिळत नाही.

झूम हा शब्द आला, त्याचीही थोडी हकिगत. सिनेमाच्या कॅमेऱ्यांना झूम आधी मिळाली. साध्या ३५ मिलिमीटरच्या छायाचित्रणासाठी पहिली झूम भिंग म्हणून बाजारात आली ती १९५९ ची फोक्टलेंडर झूमार. त्या वेळी ती महाग, जड आणि किड्यांच्या दृष्टीने निरुपयोगीच होती. आपल्याकडच्या हौशी माणसाच्या हातात झूम यायला पुढे कैक वर्षं गेली. आणि आली तेव्हा रोलचा जमाना होता. ३६ फोटोंचा एक रोल. तो संपवायचा, धुवायला हिंगोलीला द्यायचा, आठवड्याने आणायला जायचं. ३६ पैकी ३० हललेले, चारांत नुसतं फूल, उरलेल्या दोनांत फुलपाखराची पाठमोरी अर्धी. नोंदवहीत आम्ही तपशील लिहीत असू आणि पाकिटातले फोटो त्याच्याशी जुळवत बसत असू. दुकानदार विचारायचा, "यातले नेमके कोणते धुवून मोठे करायचे?" त्या प्रश्नात उपहास नव्हता, काळजी होती.

चित्र पालटलं ते २००० नंतर. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय १९९४-९५ च्या सुमारास आधी फिल्मच्या कॅमेऱ्यांत आली होती. ती आणि लांब झूम या दोन्ही गोष्टी एकाच छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात बसल्या. २००२ चा पॅनासॉनिकचा एफझेड-१ हा त्या जातीतला एक लक्षात राहिलेला. बारापट झूम आणि पूर्ण ताणल्यावरही भरपूर उजेड घेणारं भिंग. चित्र जेमतेम दोन मेगापिक्सेलचं, पण रोल संपत नव्हता. पुढे झूमची चढाओढच लागली. २०१५ च्या निकॉन पी-९०० ची झूम ८३ पट, २०१८ च्या पी-१००० ची १२५ पट. चंद्रावरचे खड्डे दाखवणारे हे कॅमेरे. पण किडे टिपणाऱ्याने तो आकडा पाहून भुलू नये. त्याने पाहायचं ते हे की झूम पूर्ण ताणलेली असताना कॅमेऱ्याला किती जवळचं दिसतं. पी-९०० ला त्या वेळी पाच मीटर लागतात. २०१२ च्या पॅनासॉनिक एफझेड-२०० ची झूम फक्त २४ पट, पण तो पूर्ण ताणूनही एक मीटरवरचं टिपतो. पाच हातांवरून, म्हणजे सव्वादोन मीटरवरून, त्याच्या चौकटीत सुमारे १३ सेंटीमीटर रुंदी मावते. सात सेंटीमीटर पंखांचं फुलपाखरू निम्मी चौकट व्यापतं. याहून जास्त मला काही नको असतं.

पाचच हात का, याला किड्याच्या डोळ्यातच कारण आहे. किड्याचा डोळा शेकडो-हजारो बारक्या भिंगांचा असतो. त्याला आपल्यासारखं रेखीव दिसत नाही. तुमचा चेहरा, तुमचा शर्ट हे त्याच्या लेखी धुरकट डाग. पण हालचाल त्याला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक चांगली कळते. आपल्याला सेकंदाला साठ वेळा लुकलुकणारा दिवा सलग पेटल्यासारखा दिसतो, घरमाशीला दोनशेहून अधिक वेळा लुकलुकणाराही लुकलुकतानाच दिसतो. तेव्हा त्याला तुमचं असणं खुपत नाही, तुमचं मोठं होत जाणं खुपतं. आता हिशेब करा. तुम्ही ५० सेंटीमीटरवर आहात आणि १० सेंटीमीटर पुढे सरकलात. किड्याच्या डोळ्यात तुम्ही एकदम पाव पटीने वाढलात. दोन मीटरवर असताना तेवढंच सरकलात, तर वाढ शेकडा पाच. काकांचं पाऊल पूर्ण होतं, शिवाय त्यांची सावली पुढे पडत होती. सावली सरकली की काही उरत नाही. म्हणून सूर्य पाठीशी घेण्याचा फोटोग्राफीतला जुना धडा इथे जपून पाळावा लागतो : पाठीशी घ्या, पण सावली किड्यापर्यंत पोहोचणार नाही इतकं खाली बसा. मी पालथा का पडलो होतो, ते काकांना सांगायचं राहूनच गेलं.

मूळ मुद्दा मात्र पुढेच आहे. असा लांबून काढलेला फोटो खरंच कामाचा असतो का? टाचणी मारलेल्या किड्याची जागा तो घेऊ शकतो का?

घोळावरच्या त्या फुलपाखराचंच घेऊ. इंग्रजीत त्याला डॅनेड एगफ्लाय म्हणतात. त्याची अळी घोळ खाते, म्हणून ते घोळाभोवती. नर काळा, ठिपक्यांचा. तो एक जागा धरून बसतो, दुसरं कुणी फिरकलं की हाकलायला जातो आणि पुन्हा त्याच ढेकळावर येऊन बसतो. म्हणून तर काका गेल्यावर मी हललो नाही. मादी मात्र पार निराळी, नारिंगी, पंखांची टोकं काळी-पांढरी. ती हुबेहूब प्लेन टायगर या दुसऱ्या फुलपाखरासारखी दिसते. प्लेन टायगरची अळी रुईवर वाढते, आपण शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो त्या रुईवर. रुईच्या चिकातलं विष तिच्या अंगात उतरतं, आणि एकदा खाल्लेला पक्षी पुन्हा त्या वाटेला जात नाही. एगफ्लायच्या मादीत ते विष नाही, तिने नुसता वेष घेतला आहे. ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढलेल्या हेन्री बेट्सने ही सोंगाची रीत १८६२ मध्ये जगापुढे मांडली. आमच्या धुऱ्यावर ती रोज चालते.

उडती मादी बघून ती कोण हे मला आजही सांगता येत नाही. फोटोत सांगता येतं. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीच्या त्या जागी ते नसतात. बेलच्या काळी हा फरक पाहायला ती पकडावी लागे. आता पकडायची तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. त्याच्या संरक्षित यादीत पुढे फुलपाखरांचाही समावेश झाला आणि घोळावरची ही एगफ्लाय त्या यादीत आहे. म्हणजे परवानगीवाचून जाळं नाही. फोटोला हरकत नाही.

अशा फोटोंवर देशभरात मोठं काम उभं राहिलं आहे. 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' हा प्रकल्प २०१० पासून हौशी लोकांच्या फोटोंवरच नोंदी करत आला आहे. त्यामागे असलेले डॉ. कृष्णमेघ कुंटे यांनी २००० मध्ये दक्षिण भारतातल्या फुलपाखरांवर पुस्तक लिहिलं, आणि आमच्यासारख्यांच्या पिशवीत प्रथमच खिशाला परवडणारं काही आलं. २००८ मध्ये आयझॅक किहिमकरांचं मोठं पुस्तक सोसायटीने काढलं. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला, आपल्या राणी पाकोळीला, राज्य फुलपाखरू ठरवलं. हे उत्तमच झालं. फक्त ती घाटातल्या ओल्या झाडीची राणी, आमच्या धुऱ्यावरच्या पोरांनी तिला चित्रातच बघायचं. आमच्याकडे राज्य आहे ते रुईवरच्या प्लेन टायगरचं.

फोटोची बाजू लढवणारे एक उदाहरण नेहमी देतात. मलेशियात गुएक हॉक पिंग नावाच्या छायाचित्रकाराने जंगलात एका जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याचा फोटो काढला आणि तो सर्वांना पाहता येईल असा ठेवला. तो कॅलिफोर्नियातल्या शॉन विंटरटन या कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेस पडला. पंखांवरची नक्षी पाहून ही जात नवी असावी असं त्याला वाटलं. २०१२ मध्ये सेमाक्रायसा जेड या नावाने ती जगापुढे आली. गोष्ट अर्धी सांगितली की छान वाटते. उरलेली अर्धी अशी की नुसत्या फोटोवर नाव ठेवता आलं नाही. छायाचित्रकाराला पुन्हा जंगलात जाऊन तो किडा धरावा लागला, तो लंडनच्या संग्रहालयात गेला, मगच नाव पक्कं झालं. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला मात्र नुसत्या फोटोंवरून नाव दिलं गेलं, तेव्हा जगभरातल्या जवळजवळ ५०० शास्त्रज्ञांनी सह्या करून विरोध नोंदवला. त्यांचं म्हणणं, फोटोत न दिसणारं पुष्कळ असतं, ते उद्या कुणाला तपासायचं झालं तर काय तपासणार?

मला दोघांचंही पटतं. नवी जात ठरवायची असेल तर किडा हाती हवा. पण पुसेगावच्या धुऱ्यावर नवी जात शोधायला कोण बसलं आहे? इथे प्रश्न असा की नावं कधीच ठरून गेलेल्यांपैकी इथे कोण राहतं, कोणत्या महिन्यात दिसतं, आणि पुढच्या वर्षी दिसलं का. त्याला पाच हातांवरचा, तारीख असलेला फोटो पुरेसा आहे.

आणि तो मलेशियातला हिरवा किडा आपल्याला वाटतो तितका परका नाही. ज्या घराण्यातला तो, त्याच घराण्यातला आपला क्रायसोपा. कृषी सहायक ज्याला मित्रकीटक म्हणतात तो. त्याची अळी कपाशीवरचा मावा फस्त करते. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर अळ्यांनी कहर केला, त्यानंतर २००९-१० पासून राज्यात 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांत जाऊन कीड मोजायची, नुकसानीची पातळी गाठली असेल तरच फवारायचं. पण मोजायला ओळखावं लागतं. शेतकऱ्याला बोंडअळी ओळखू येते, कारण ती पोटावर पाय देते. क्रायसोपाची अळी दाखवली तर पुष्कळजण तीही चिरडतात. दिसायला ती कुरूप आहे बिचारी. मी शाळेत तिचे फोटो दाखवतो. एका मुलाने घरी जाऊन बापाला फवारणी चार दिवस पुढे ढकलायला लावली, त्याच्या बापाने मला रस्त्यात अडवून जाब विचारला आणि मग स्वतःच कपाशीत नेऊन ती अळी दाखवली. पानाखाली होती, माव्यात तोंड खुपसून.

तर काका. ते गेल्यावर वीसेक मिनिटांनी नर पुन्हा त्याच ढेकळावर येऊन बसला. मी अकरा फोटो घेतले. परतताना काका सुडीजवळ बसलेले भेटले. त्यांना कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. हात कपाळावर धरून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"हे तर आपल्या घोळावरचं की."

"तेच, काका. घोळ खाऊनच मोठं होतं."

"असं?" ते म्हणाले. "आम्ही तर पंप आणलाय. उद्या धुरे मारायचे हाइत."

पंप म्हणजे तणनाशकाचा. मी काही बोललो नाही. धुरा त्यांचा, मजुरी त्यांची, निंदायला माणूस मिळत नाही हे मलाही माहीत आहे. आठवड्याने त्या वाटेने गेलो, तर धुरा पिवळा पडला होता. दोन्ही बाजूंचा गेला होता. कडेला, ओढ्याच्या बाजूने, चार-पाच हातांची एक पट्टी मात्र हिरवी होती. पंप संपला म्हणून राहिली की ठेवली, ते मी काकांना विचारलं नाही. ढेकळावर कुणी नव्हतं. मी सावली मागे ठेवून खाली बसलो.